आधी मत, मग कुसवार

आंटी बशी पुढे करायच्या. आपण नेवरी उचलायला हात पुढे नेला की बशी अलगद मागे जायची.

"आधी मत," त्या म्हणायच्या. "मग कुसवार."

चष्मा कपाळावर चढवलेला, एक हात कमरेवर. मत म्हणजे नुकत्याच बघून संपलेल्या सिनेमाबद्दलचं. ते दिल्याशिवाय त्या घरात कोणाच्या तोंडात काही पडत नसे. आणि 'छान होता' हे मत म्हणून धरलंच जात नसे.

"छान काय, हवा पण छान असते. कारण सांग."

गिरगावातल्या आमच्या वाडीत हिंदू घरं जास्त, ख्रिस्ती थोडी. दिवाळीत आमच्या फराळाची ताटं त्यांच्याकडे जातात आणि नाताळात त्यांचा फराळ, म्हणजे कुसवार, आमच्याकडे येतो. करंजीसारख्या नेवऱ्या, शंकरपाळ्यांसारखे तळलेले कलकल, नारळ-गुळाचं दोदोल. बाकीची घरं रुमालाने झाकलेली ताटं दारोदार पोचवतात. आंटी पोचवत नसत. "खायचंय ना? मग या की." नाताळ आणि नवीन वर्षाच्या मधल्या एका दुपारी त्या सगळ्यांना घरी बोलवायच्या, कॅनडातल्या मुलाने घेऊन दिलेल्या मोठ्या टीव्हीवर नाताळचा एखादा सिनेमा लावायच्या, आणि तो संपला की बशी घेऊन उभ्या राहायच्या. नियम दोनच होते. आपलं मत कारणासकट सांगायचं, आणि दुसरा सांगत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. मग तो दुसरा कोणी का असेना.

तुम्ही म्हणाल, सिनेमावर मत देण्यात एवढं काय मोठं? मत देणारे आपल्याकडे रग्गड आहेत. पण एकदा थिएटरबाहेर उभं राहून नीट बघा. एका घरातली चार माणसं बाहेर येतात तेव्हा चौघांचं मिळून एकच मत असतं, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या पुरुषाचं असतं. बाकीचे तिघं रिक्षा शोधत असतात. आंटींचा सगळा राग त्यावर होता.

त्या स्वतः टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. "जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली," त्या म्हणायच्या. "आता लाईन माझी." आणि खरंच, एकदा त्या सुरू झाल्या की समोरच्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसे.

नाताळचे सिनेमे त्यांना आवडतात असं सगळे धरून चालायचे. ख्रिस्ती बाई, म्हणजे आवडणारच. त्यावर त्या उसळायच्या. "बर्फ, बर्फ, नुसता बर्फ! आमच्या नाताळात बर्फ कुठला गो? बाजारात पापलेटवर असतो तेवढाच." मुलाच्या आग्रहाखातर त्या एक हिवाळा कॅनडाला राहून आल्या. आल्यावर मी विचारलं, कसा होता बर्फ? "सिनेमात बरा दिसतो," म्हणाल्या आणि पिशवीतून मला चॉकलेटं काढून दिली. तरी दर डिसेंबरला तेच बर्फाचे सिनेमे त्या तितक्याच तन्मयतेने बघायच्या. आवडणं आणि पटणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हिंदी सिनेमातली ख्रिस्ती बाई दिसली की मात्र त्या टीव्हीशीच भांडायच्या. "ही बघ, परत फ्रॉक. परत बाटली. अरे, मी साडी नेसते आणि मला ॲसिडिटी आहे!"

एका दिवाळीत तीन तासांचा एक भव्य कौटुंबिक सिनेमा आला होता. वाडा, झुंबरं, अंगणभर पणत्या, आणि पणत्यांमधून नाचणारं अख्खं खानदान. आम्ही सगळ्या बायका रडून बाहेर आलो. आंटी कोरड्या. "एवढ्या पणत्या," त्या म्हणाल्या, "पण तेल घालणारी बाई एकदा तरी दाखवली का?" आमचं रडू जागच्या जागी आटलं. मला तर त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

एकदा एक युद्धपट गाजत होता. वाडीतली पोरं झेंडे घेऊन जाऊन आली होती. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आंटींनी लिहिलं, 'आवाज फार. देशावर प्रेम करायला कान फुटावे लागत नाहीत.' तासाभरात त्यांना ग्रुपमधून काढलं. त्या तशाच स्लिपर घालून खाली आल्या, कट्ट्यावरच्या ग्रुपवाल्या पोरांसमोर उभ्या राहिल्या.

"मला काढलं कोणी?"

"आंटी, तुम्ही पण ना, काय पण बोलता."

"ग्रुपातून काढशील रे. वाडीतून कसा काढशील?" आणि तिथेच उभं राहून त्यांनी उरलेलं मत सांगितलं. सिनेमातला एक शिपाई त्यांना आवडला होता, ज्याला पत्र लिहायला सुचत नव्हतं. पोरांना तो आठवतही नव्हता. संध्याकाळी त्यांना परत ग्रुपमध्ये घेतलं.

गंमत म्हणजे सगळ्यांनी नाकं मुरडलेले सिनेमेही त्या तितक्याच हट्टाने उचलून धरायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला कुत्र्याचा एक अगदी बालिश सिनेमा त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. आम्ही हसलो, तर म्हणाल्या, "तुम्ही हसता म्हणून मी पण हसू? मला कुत्रा आवडला. विषय संपला."

मी लग्न करून या वाडीत आले ती चिपळूणहून. तिथे मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करत होते आणि ते काम मला मनापासून आवडायचं. लग्नानंतर परळच्या एका लॅबमध्ये मी मुलाखत दिली आणि निवडही झाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. घरात कोणी नाही म्हणालं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सासरे म्हणाले, "बघू. आधी घरात रुळू दे." सासूबाई म्हणाल्या, "बाबा म्हणतील तसं." नवरा म्हणाला, "बाबांचा मूड बघून बोलतो." बाबांचा मूड नोव्हेंबरपासून बघणं चालू होतं. डिसेंबर संपत आला तरी तो कोणाला दिसला नव्हता. बाबा वाईट नव्हते हो. पोस्टातून निवृत्त झालेला सरळ माणूस. फक्त घरातल्या प्रत्येकाचं मत आपल्यालाच ठाऊक आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्या नाताळात आंटींकडे मी पहिल्यांदा गेले. सिनेमा हिंदीत डब केलेला. मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर काम करणारी एक मुलगी नाताळसाठी गावी येते. बर्फ पडतो, गाडी बंद पडते, मफलरवाला एक तरुण भेटतो. शेवटी ती नोकरी सोडते आणि गावातच केकचं दुकान काढते. संपला तेव्हा निम्मी खोली डोळे पुसत होती.

बशी फिरू लागली. शेजारच्या काकूंना मुलीचे कोट आवडले होते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "माझा बाई डोळा लागला होता." आंटी म्हणाल्या, "का लागला, ते सांगा." सासूबाईंनी थोडा विचार केला. "त्या पोरीला आईच नव्हती सिनेमात. आई नसली की मला कंटाळा येतो." त्यांना दोन नेवऱ्या मिळाल्या. मला तर त्यांना असं काही वाटू शकतं हेच ठाऊक नव्हतं.

मग बाबा. "संस्कार असलेला सिनेमा," ते ठामपणे म्हणाले. "शेवटी पोरीला कळलं, घर ते घर. करिअर काय, कोणीही करतं." त्यांनाही नेवरी मिळाली.

बशी माझ्यासमोर आली.

"छान हो..."

बशी मागे.

"बाबा म्हणाले तेच," मी म्हणाले.

"त्यांचं त्यांना मिळालं. तुझं?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. आंटी मला प्रोत्साहन वगैरे काही देत नव्हत्या, बरं का. त्यांचा हात अवघडला होता एवढंच दिसत होतं. "बोल ना गो," त्या म्हणाल्या.

"मला आवडला नाही," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "सुरुवातीला ती ऑफिसात किती खुशीत होती. मग ते सोडायचं ठरलं कधी? कोणी तिला विचारलंच नाही. बर्फ पडला, त्याने मफलर दिला आणि हिची नोकरी गेली."

"अगं, पण सिनेमा आहे तो..." बाबा म्हणाले.

"मध्ये नाय," आंटींनी हात वर केला. बाबा पाहुणे होते आणि त्यांच्या हातात अर्धी नेवरी होती. ते गप्प बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं बोलणं चालू असताना बाबा थांबले होते, आणि ही संधी मी सोडली असती तर मीच मला माफ केलं नसतं.

"आणखी?" आंटींनी विचारलं.

"आणखी म्हणजे, मला परळला नोकरी लागलीय. मी जाणार आहे."

कोणीतरी पुटपुटलं की हे काही सिनेमावरचं मत नाही. आंटींनी तिकडे लक्षच दिलं नाही. बशी माझ्या हातात दिली आणि स्वतःचं मत सांगितलं. "मला आवडला. मी दोनदा रडले. नाताळला थोडं रडल्याशिवाय मला बरं वाटत नाही. हिचं म्हणणं मला पटलं नाही. कारण पक्कं होतं, पण पटलं नाही."

मला काय लागलं ते! निदान ही बाई तरी माझ्या बाजूने उभी राहील असं मी धरून चालले होते. निघताना जिन्यात त्यांनी मला गाठलं. "तोंड कशाला पाडतेस? मी हो म्हटलं असतं तर सगळी वाडी बोलली असती, आंटीने पढवलं. आता बोलतील?"

घरी पोचताच बाबा म्हणाले, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"घरात कोणी विचारत नव्हतं, बाबा."

ते महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मी नोकरीवर गेले. आजही त्याच लॅबमध्ये आहे, आता एक विभाग सांभाळते.

पुढे आंटी आणि मी बरेच सिनेमे एकत्र पाहिले आणि जवळपास प्रत्येकावरून भांडलो. दादरला पाहिलेल्या एका सिनेमावरून तर गिरगाव येईपर्यंत बसमध्ये असं जुंपलं की कंडक्टर म्हणाला, "बायांनो, शेवट सांगू नका, मी रविवारी जाणार आहे." आंटींनी त्यालाही सोडलं नाही. शेवट सांगितलाच, आणि तो का वाईट आहे तेही.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मुलगा आला, सगळं रीतसर झालं. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, चर्चबाहेर जो तो म्हणत होता, "किती गोड बाई होती." मला संताप आला. गोड? त्या बाईला आयुष्यात कोणी गोड म्हणायला धजावलं नव्हतं. मेल्यावर माणसाला असं पुसून टाकतात का? मी मोठ्याने म्हणाले, "गोड नव्हत्या. भांडकुदळ होत्या. म्हणून तर आपण जायचो." दोन-तीन जणी चमकल्या. बाबा बाजूला उभे राहून ऐकत होते.

आंटींचं दार आता बंद आहे. या नाताळात बाकीच्या घरांची ताटं आली, रुमालाने झाकलेली, आणि आम्ही मत न देताच फराळ संपवला.

त्याच आठवड्यात सुट्टीतला एक नवा मराठी सिनेमा लागला होता. नवऱ्याला काम होतं, सासूबाईंचे गुडघे दुखत होते. शेवटी बाबा आणि मी असे दोघंच गेलो. एका बापाला त्याची मुलं वाऱ्यावर सोडतात, सून त्याला छळते, आणि अखेरीस तो सगळ्यांना क्षमा करतो. बाबा मध्यंतरानंतर सारखे रुमाल काढत होते.

बाहेर आलो. "छान होता," बाबा म्हणाले. आम्ही थोडं चाललो. मग ते फूटपाथवर थांबले, चष्मा पुसला, परत घातला.

"तुला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुला कसा वाटला?"

एवढी वर्षं एका घरात काढली, पण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. 'छान' म्हणून टाकणं किती सोपं होतं! म्हाताऱ्या माणसाचे डोळे अजून ओले होते.

"भिकार," मी म्हणाले.

"भिकार?" बाबांचा आवाज चढला. "काय भिकार होतं त्यात?"

"त्या सुनेला एक धड वाक्य दिलं नाही, बाबा. ती छळते, छळते, आणि का छळते ते कोणी विचारतच नाही. तिलाही दिवसभर काही होत असेल की नाही?"

बाबांनी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. माझं सगळं सांगून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले, ओठ घट्ट दाबून.

"झालं तुझं?" ते म्हणाले. "आता माझं ऐक. तू साफ चुकतेयस."

लोक आम्हाला वळसा घालून जात होते, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही तिथून हलायला तयार नव्हतं.