उभी मिरची

देठ मोडून मिरची नाकाशी धरायची आणि एक डोळा मिटायचा, ही तिची चौकशीची रीत. मध्येच कोणी तोंड उघडले, तर ती म्हणे, "आधी झाडाले बोलू द्या. मंग तुमी बोला."

हिंदी मुलखाच्या सीमेवरच्या आमच्या गावी, लालबागच्या बाजारात ती बियाणे आणि रोपे विकत असे. मी न्यायालयातून निवृत्त झालेला लिपिक. ती मला 'वकीलसाब' म्हणे. तिच्याकडून लोणच्याच्या लांब मिरचीचे बी घेऊन मी कुंडीत पेरले. वाचकहो, उगवले ते भलतेच! आखूड, जाड मिरच्या, त्याही आभाळाकडे तोंड करून उभ्या. फसवणूक निमूट सोसणे म्हणजे फसवणुकीलाच साहाय्य करणे, असे माझे मत आहे. ग्राहक संरक्षण कायद्याचा हवाला देऊन मी दोन पानी नोटीस लिहिली आणि भर बाजारात तिच्या हाती बजावली. तिला वाचता येत नव्हते. शेजारच्या चहावाल्याने ती मोठ्याने वाचली.

दोन दिवसांनी ती माझ्या दारात उभी राहिली. नोटीस कमरेला खोचलेली.

"वकीलसाब, पूर्ण बजारात माझी इज्जत गेली. काल बियाले एक गिऱ्हाईक नाही आलं. झाड दाखवा."

झाड पाहून म्हणाली, "हे माझं नाही."

"नुसता नकार हा पुरावा नव्हे," मी बजावले.

"बरोबर. मंग कोनाचं ते मीच सांगते. पिकू द्या."

तीन शनिवार ती दुकान सोडून पायी आली. तिसऱ्या खेपेस पहिली मिरची लाल झाली होती. तिने देठ मोडला, हुंगला, डोळा मिटला आणि मिरची चक्क चावली. डोळे पुसत तिने मान वर केली. माझ्या चौकटीला सूनबाईने बांधलेली लिंबू-मिरची लटकत होती.

"हीच! डोंगराकडची. सुकली तरी देठ सोडत नाही. जुनी कुठं फेकता, बेटा?"

दारात येऊन उभी राहिलेली सूनबाई हसू दाबत म्हणाली, "बाबाच तोडतात, गुस्से में. आणि कुंडीत टाकतात."

खरे होते. या माळा रस्त्यावर फेकणाऱ्यांविरुद्ध मी सात पत्रे लिहिली आहेत. मी त्या रस्त्यावर टाकणार कसा?

"मग तुझे बी कुठे गेले?" मी विचारले.

"किती खोल पेरलं?"

मी चार बोटे दाखवली.

"ते पेरनं नाही, वकीलसाब. दफन केलं तुमी."

मी तेथल्या तेथे क्षमा मागितली. तिला ती पुरेशी वाटली नाही. "नोटीस बजारात वाचली, तर माफीबी बजारातच."

तिचे म्हणणे न्याय्य होते. ज्यात दोषी मीच, असे ते माझ्या आयुष्यातले पहिले पत्र. ते मी भर बाजारात, तिच्या दुकानासमोर उभा राहून वाचले. ती एक डोळा मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खरी आहे." मग नव्या बियाची पुडी माझ्या हाती ठेवली. पुडीचा कागद माझ्याच नोटिशीचा होता.

"कागद चांगला आहे. बी कोरडं राहते."

यंदा ते बी मी नखभर खोल पेरले. पहिली लांब मिरची खाली लोंबू लागली, तेव्हा ती तोडून तिला दाखवायला लालबागला गेलो. तिच्या जागी कोणी प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या.

"मावशी गेली, बाबा," चहावाला म्हणाला. "मागच्याच महिन्यात."

मी तेथेच देठ मोडला, मिरची नाकाशी धरली आणि एक डोळा मिटला. दुसराही मिटावा लागला.