शनिवारी ऐकलेलं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. आज सांगतोय म्हणून पश्चात्तापाने पोळलोय वगैरे समजू नका. ऐकून मी हलकट वाटलो तर वाटू द्या — मलाही अधूनमधून वाटतो, आणि तरी वेळेवर भूक लागते, झोप येते.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. पिपरी मेघेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा — लग्नं, गणपती, जयंतीचे कार्यक्रम. मी कचेरीत कारकून. वाजवणं सोडा, मला धड ठेक्यात टाळीही वाजवता येत नाही.

त्याच्या पुण्याच्या मावसभावाने एकदा एक यादी पाठवली. जुन्या इंग्रजी रॉकचे अडीचशे अल्बम. मिलिंदने ती छापून आणली, कपाटाच्या दारावर चिकटवली आणि फर्मान काढलं — दर रविवारी सकाळी एक. हातात तर्री-पोहे, आणि त्याने स्वतः जोडलेल्या स्पीकरवर पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. एकही गाणं गाळायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पहिलं ऐकणं सोबतच. आधी कुणी ऐकायचं नाही. "चोरून ऐकलं तं मजा काय राह्यली?" असं तो म्हणायचा. इंग्रजी आम्हा दोघांचंही बेताचंच, त्यामुळे शब्दांपेक्षा वाजण्याकडेच लक्ष.

पाचवा की सहावा रविवार असेल. आदल्या दिवशी मी एका नातेवाइकाकडे पवनारला गेलो होतो. परतीची बस येईना. कंटाळून कानात इयरफोन घातले आणि उद्याचा अल्बम लावला. एवढंच. पाप म्हणावं असं काय होतं त्यात? पण दुसऱ्या दिवशी तिसरं गाणं चालू असताना तोंडून निघून गेलं, "आता ड्रम बंद होतीन, पाह्य." झाले बंद. मिलिंद पोह्यांचा घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

"बाप्पा! तुले कसं समजलं बे?"

तिथेच सांगायचं ना? दोन शिव्या खाल्ल्या असत्या, हसलो असतो, मिटलं असतं. मी काय म्हणालो? "का मालूम. वाटलं."

शाळेत पहिला मिलिंद. कबड्डीत मिलिंद. पोरींनी वळून बघावं तर तेही मिलिंदकडेच. आणि आता, चाळिशीच्या तोंडावर, तो माझ्याकडे तसा बघत होता. मला त्याची चटक लागली. बरं वाटत होतं — खोटं कशाला बोलू?

मग दर शनिवारी मी घरी काहीतरी थाप मारून पवनारला जायचो. धाम नदीच्या काठावर बसून उद्याचा अल्बम तीन-तीनदा ऐकायचो. लोकांनी त्यावर काय लिहिलंय तेही वाचायचो. रविवारी त्यातल्या दोनच गोष्टी सोडायच्या. जास्त सोडल्या तर संशय येतो. कधी मुद्दाम एखादं चुकवायचंही. चोरीलाही शिस्त लागते.

खरा कान कुणाचा होता, हे मला तेव्हाच माहीत होतं. "खालून तो जाड आवाजाचा गिटारवाला कसा पायऱ्या उतरून राह्यला, आयक," असं मिलिंद म्हणायचा, तेही पहिल्याच खेपेला. मी तीनदा ऐकूनही मला तो गिटारवाला सापडलेला नसायचा. पण मिलिंदला त्याचं काही अप्रूप नव्हतं. ऐकू येतं ते सगळ्यांनाच येत असेल, अशी त्याची समजूत. पुढचं ओळखणं, ते मोठं.

शंभराच्या पुढे गेलो असू. नागपूरच्या एका स्टुडिओने त्याला बोलावलं. गिटारीला कायमचा माणूस हवा होता. दुकान धाकटा भाऊ बघणार होता, बायकोचीही ना नव्हती. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं. तो गेला, आणि नाही म्हणून परत आला.

"माह्या हातात हाय रे, कानात नाई. कान तं तुह्ये. तिथं एकदा आयकून वाजवा लागते. मी काऊन फजिती करून घेऊ?"

एक वाक्य पुरलं असतं. मी शनिवारी ऐकतो — बस, एवढं. मी म्हणालो, "पाह्य बाप्पा, तुही मर्जी." आणि आणखी थोडे पोहे वाढून घेतले. महिनाभरात त्याने गिटार ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या एकाला देऊन टाकली.

मग तरी थांबलो का? नाही. उरलेले सगळे शनिवार मी पवनारला गेलो. घाबरून गप्प बसलो असं म्हणाल, तर ते खरं नाही. मला मजा येत होती. तो तसाही गेला नसता, असं म्हणून मला कुणी सोडवू नये. तो गेला असता.

यादी दोन वर्षांपूर्वी संपली. मागच्या महिन्यात तो पोरीला घेऊन सिंदी मेघेला माझ्या घरी आला. प्रज्ञा, तेरा वर्षांची. सोबत कीबोर्ड. "हिले कान हाय का, तू सांग. तुह्याशिवाय कोनाले इचारू?"

त्याने मोबाइलवर एक गाणं एकदाच लावलं. पोरीने ते सबंध वाजवलं. बरोबर की चूक, मला काय कळणार? मी मिलिंदकडे बघत होतो. त्याची बोटं मांडीवर तिच्यासोबत चालत होती. एका जागी ती चुकली, तर त्याचा चेहरा तिच्याही आधी आंबट झाला. त्याचं त्यालाच कळत होतं सगळं. तरी तो माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"हाय," मी म्हणालो. "पक्का हाय."

त्याने मोठा श्वास सोडला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं, माह्यावर नाई गेली."

मी पोरीला म्हटलं, "बेटा, आखीन एक वाजव."