बेचाळिसावी चूल

नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनामागच्या गल्लीत माणसं किती, हे कचेरीत विचारून उपयोग नव्हता. तानुबाई कुंभारणीला विचारायचं. गल्लीतली एकूण एक चूल तिच्या हातची. ती लग्न होऊन आली तेव्हा चुली नऊ होत्या. प्लेगात गल्ली काही दिवस ओस पडली, पुढे तापाच्या साथीत सहा चुली कायमच्या विझल्या. मग जिन वाढला. देऊळघाटचा जब्बार पिंजारी भावांसकट आला, मागोमाग खेड्यापाड्यांतली बिऱ्हाडं आली. गोठ्यांच्या खोल्या झाल्या, ओसऱ्यांना तट्टे लागले. नवं बिऱ्हाड आलं किंवा भाऊ वेगळे झाले, की बोलावणं तानुबाईलाच. आता चुली एक्केचाळीस झाल्या होत्या. आपली चूल कधी धूर कोंडत नाही, असा तिचा तोरा होता आणि तो खराही होता.

पण सून पुष्पा म्हणाली, "मले येगळी चूल मांडून द्या," तेव्हा तिचे हात चालेनात. पुष्पाचं चुकत नव्हतं. एवढ्याशा घरात पाच माणसं, एका चुलीशी दोघींची कोपरं एकमेकींना लागत. तरी तानुबाईने आधी माती बरी नाही म्हणून पाहिलं, मग गुडघ्यांचं दुखणं पुढे केलं. नवरा गेल्यापासून निवृत्ती हा एकुलता लेकच तिचं सगळं होता. तो पलीकडे जेवायला बसणार, हे तिला सोसेना. शेवटी तिने चूल मांडली, पण तोंड मुद्दाम दोन बोटं अरुंद ठेवलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या धुमसायला लागल्या. आठ दिवसांत पुष्पा डोळे पुसत सासूच्या चुलीवर परत आली. तानुबाई मनातून खूश झाली.

एकतीस सालच्या खानेसुमारीसाठी शेषराव मास्तर गेरूचा डबा घेऊन दारोदार आकडे टाकत आले. एक चूल, एक घर, असा त्यांचा हिशेब.

"तानुबाई, इथं तं दोन चुली हायेत. दोन आकडे टाकू?"

"एकच टाका," पुष्पाच मधे बोलली. "ते चूल अजून वली हाये."

चूल मांडून तीन आठवडे झाले होते. सासूच्या हातची चूल पेटत नाही, हे गल्लीत कळू नये म्हणून पोर खोटं बोलत होती. तानुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खुरपं घेतलं, चुलीचं तोंड दोन बोटं तासलं, आत पऱ्हाट्या सारल्या आणि काडी लावली. जाळ धडधडून उठला.

"दोन टाका, मास्तर."

मास्तरांनी दारावर शेजारी शेजारी दोन आकडे टाकले आणि वही उघडली. "या नव्या चुलीवर कोन कोन?"

"हे, मी अन् दोन लेकरं," पुष्पाने सांगितलं.

"अन् जुनीवर?"

साऱ्या गल्लीची माणसं तोंडपाठ असलेली तानुबाई जरा अडखळली.

"मी," ती म्हणाली. "एकलीच."