स्टेजवर चाळलेली तंबाखू

"हिच्या अंगाला वास येतोय. खाली उतरवा हिला."

शेठची बायको एवढंच बोलली. माईक चालू होता, म्हणून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, ताथवड्याचं मंगल कार्यालय. समोर आम्ही विडी कामगार बायका, सगळ्यांच्या अंगावर युनियननं वाटलेली एकसारखी पिवळी साडी. मी स्टेजवर शेठच्या गळ्यात हार घालायला उभी होते. हार हातातच राहिला.

वास तंबाखूचा होता. त्यांच्याच तंबाखूचा. चिखलीतल्या त्यांच्या गोदामात मी आणि माझ्या जोडीची शकीला दिवसभर ती चाळायचो. त्या वासावर त्यांचे बंगले उभे राहिले होते. बंगल्याला वास येत नव्हता, मला येत होता.

आमच्या युनियनचे अध्यक्ष पुढं आले. सगळ्या जणी त्यांना भाऊ म्हणायचो. मला वाटलं, आता भाऊ बोलणार. भाऊ बोलले.

"ताई, उतरा जरा. पाहुणे आहेत."

मी काय केलं? उतरले. वर "माफ करा" म्हणाले. खाली येऊन बसले आणि भाऊंनी मूठ वर केली तशी सगळ्यांच्या आधी ओरडले, "शेठ जगला तर आम्ही जगू!" घसा फाडून. आज तेव्हाची मी, ती पिवळ्या साडीतली बया, कुठं भेटली ना, तर तिच्या पाठीत असा धपाटा घालीन की घोषणा घशातच अडकेल. काय ती मान हलवायची, काय ते भाऊ-भाऊ! भाऊंनी उभं राहा म्हटलं की उभी, बस म्हटलं की बस. स्वतःला मात्र लढाऊ कामगार समजायची. फोटोत पुढं उभं राहायला धडपडायची.

मेळावा कशासाठी होता, तर सरकार विडीच्या पुड्यावर रोगाचं चित्र छापायला निघालं होतं. भाऊ म्हणायचे, चित्र छापलं की धंदा बसला, धंदा बसला की तुमची चूल विझली. 'तंबाखूनं काही होत नाही' असे मोर्चाचे बोर्ड शेठच्या ऑफिसातून छापून यायचे, आम्ही ते उचलायचो आणि तेच ओरडायचो. सरकारला वाटायचं, कामगार चिडलेत. कामगारांनाही वाटायचं, आपणच चिडलोय.

घरी विड्या वळणाऱ्या बायका रोज सकाळी गोदामातून विडीचं तेंदूपान आणि तंबाखू न्यायच्या. जी मोर्चाला आली नाही, तिला दुसऱ्या दिवशी पान मिळायचं नाही. पान बंद म्हणजे काम बंद. हा नियम शेठचा नव्हता. युनियनचा होता.

आणि गोदाम! पत्र्याचं. खिडक्या कायम बंद. पंखा लावायचा नाही, पंख्यानं माल उडतो. चाळणी हलवली की बारीक धूळ वर यायची आणि तिथंच लटकायची. शकीला म्हणायची, "आपल्याला डास चावत न्हाई बघ. चावला की चक्कर येऊन पडतो." आम्ही हसायचो. हसता हसता खोकायचो. पुढं नात झाली, ती माझ्या मांडीवर टिकायची नाही, शिंका यायच्या तिला. तरी मी चाळतच होते.

गेल्या वर्षी शकीलाचा दम गेला. चार पावलं चालली की भिंत धरायची. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, कामाच्या धुळीनं छाती भरलीय. तिच्या उपचाराची जबाबदारी मालकानं घ्यावी, युनियननं तसं लिहून द्यावं, एवढंच मागायला मी भाऊंच्या ऑफिसात गेले.

भाऊंनी मला खुर्ची दिली. चहा सांगितला. मग म्हणाले, "आजी, जरा डोकं चालवा. इतकी वर्षं आपण सरकारला काय सांगतोय? तंबाखूनं कुणाला काही होत नाही. मग शकीलाला तंबाखूनं झालं, असं युनियननं कसं लिहून द्यायचं?"

"मग कशानं झालं?"

"चुलीच्या धुरानं झालं असेल."

"गॅस हाय तिच्या घरी."

"मग वयानं."

चहा आला. मी प्यायले नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला ती पिवळी साडी दिसत होती. काही होत नाही, हे ओरडलं कोणी? आम्ही. या माणसानं आमचा रोग आमच्याच तोंडून खोटा ठरवून घेतला होता. युनियन आमची, घसा आमचा, फुप्फुसं आमची, आणि वकिली शेठची. एवढी साधी गोष्ट कळायला माझं अख्खं डोकं पांढरं व्हावं लागलं.

मला पटलं, असं भाऊंना वाटलं असावं. ते म्हणाले, "सरकार पुन्हा नवा नियम आणतंय. रविवारी मेळावा आहे. यावेळी तुम्ही बोला आजी. म्हातारं माणूस रडलं की पेपरवाले फोटो घेतात."

"बोलते की, भाऊ," मी म्हटलं. "रडते पण."

रविवारी माझी पिशवी कोणी तपासली नाही. म्हातारीच्या पिशवीत डबा असतो, दुसरं काय! स्टेजवर शेठचा मुलगा, भाऊ, मोठे पाहुणे. हॉल एसी होता, तरी पाहुण्यांना उकडू नये म्हणून स्टेजच्या कडेला मोठा पंखा लावलेला. गोदामात जो जन्मात मिळाला नाही, तो पंखा इथं मला आयता मिळाला.

माईकवर म्हटलं, "मला भाषण येत न्हाई. काम येतं. ते दाखवते."

पंख्यापुढं फतकल मारली. पिशवीतून चाळणी काढली, कापडात बांधून आणलेली गोदामातली तंबाखूची धूळ तीत ओतली आणि हात चालवला. जोरात.

शेठच्या मुलाला पहिली शिंक आली. मग पाहुण्यांना. भाऊ रुमालात तोंड खुपसून खोकत होते, डोळ्यांतून पाणी, पायऱ्या दिसेनात. समोरच्या बायका आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी माईक ओढला. "बसा की भाऊ! पळताय कशाला? तंबाखूनं काही होत न्हाई!"

खोटं कशाला बोलू. त्यांना तसं गुदमरताना बघून माझा जीव गार झाला. आजही आठवलं की होतो.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या चिखलीचं पान बंद. मुकादम गोदामाच्या दारात येऊन म्हणाला, "आजीला माफी मागायला लावा, आत्ता पान सुरू करतो." बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सुनंदा पुढं आली, जिचा नवरा अंथरुणाला खिळलाय ती पोरगी.

"आजी, तुमचा लेक कमावता हाय. मी काय शिजवू?"

"न्हाई गं माहीत," म्हटलं. "पण शकीलानंतर चाळणीवर कोण बसणार? तूच ना?"

तिनं टोपली पालथी घातली आणि दारातच बसली. तिच्या मागून एकेक टोपली पालथी पडली. काही बायका घरी गेल्या; त्यांना मी नावं ठेवत नाही.

आता आमची वेगळी युनियन आहे. नोंदणीचा अर्ज लेबर ऑफिसात दिलाय, शकीलाची तक्रारही. गोदामात पानं वाळायला लागलीत. वाळलेलं पान वळत नाही, तुटतं. शेठ रोज निरोप पाठवतो. भाऊंनी तर परवा साडी पाठवली. मी तिची लादी पुसायची फडकी केली आणि एक त्यांना परत पाठवलं.

मला माफी नको. मला भाऊंचं तोंड हवंय. लेबर ऑफिसातल्या साहेबासमोर उभं राहून त्यांनी बोलायचं: शकीलाचा दम गोदामातल्या धुळीनं गेला, आणि हे मला माहीत होतं. ते बोलेपर्यंत मी या दारातून उठणार नाही. आणि बोलल्यावरही त्यांना सोडणार नाही.