नानांचं ‘बठ्ठं बरं शे’

मंडळी, आज सोनगीर फाट्यावर नाना दिसले आणि माझ्या सगळ्या कामावर पाणी पडलं.

धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात गुडघ्याचं लिगामेंट जोडायच्या दोन पद्धतींची तुलना चालू आहे. ऑपरेशन झालेल्यांना फोन करून फॉर्म मी भरते. ट्रॅक्टरवरून पडलेले नाना दरवेळी म्हणायचे, “बठ्ठं बरं शे, ताई.” म्हणजे सगळं बरं आहे; मी ‘बरा’वर खूण करायचे.

आज ते दोन्ही हातांनी दांडा धरून, पाय ओढत एसटीत चढत होते.

मी चिडलेच. “नाना, फोनवर खोटं का सांगितलंत?”

“तुम्ही इतलं मायाथीन इचारं. तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही.”

आमच्या अभ्यासात आतापर्यंत नवी पद्धत सरस ठरलीय, ती फक्त दोन ‘बरे’ पेशंट जास्त म्हणून. नव्या पद्धतीतले दोघं ‘बरे’ नसतील तर फरकच उरत नाही. त्यातले एक तर नानाच निघाले. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर सरांना फोन केला. ते म्हणाले, “फॉर्मवर आहे तेच धरायचं.”

बाकीचे फॉर्मही मीच भरलेत, तितक्याच मायेनं.

आत्ता आईनं विचारलं, “कसा गेला दिवस?” मी म्हटलं, “बरा.”

तुम्ही काय सांगता?