गोल्टीचा मान

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. नाशकात गंगापूर रोडवरच्या ऑफिसातली नोकरी सोडली त्याच संध्याकाळी मी इन्स्टाग्रामवर सांगून मोकळी झाले, की आमच्या सासरच्या गावचं, देवळ्याकडचं काळं वाटण बाटलीत भरून विकणार आहे, आणि दिवाळीपर्यंत जमलं नाही तर मुकाट्याने परत नोकरी धरणार. नवरा म्हणाला, "अगं, निदान आईला तरी आधी सांगायचंस." सासूबाईंना ते पुतणीच्या फोनवरून कळलं.

काळं वाटण म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि घरचा काळा मसाला वाटून तेलात परतलेला गोळा. चमचाभर घातलं की रस्सा तयार. मी सगळं लोकांना विचारून करायचं ठरवलं. बाटली की पाऊच, तिखट किती, झाकण कसलं, रोज एक प्रश्न टाकायचा आणि उत्तरं वाचत बसायचं. लोकांनी भरभरून सांगितलं. एका काकांनी तर संसार सांभाळण्याबद्दलही उपदेश केला, तो मी पुसून टाकला.

विकायचा माल म्हटल्यावर सासरे स्वतः गावाकडे कांदा साठवायच्या चाळीत बसले आणि एकसारखा मोठा, चकचकीत सालीचा कांदा निवडून दिला. मी तो फ्लॅटवर आणला, चिरला, कढईत तांबूस केला, वाटण केलं आणि "मी चाखून सांगते" म्हणणाऱ्या बायकांना बाटल्या पाठवल्या.

उत्तरं आली ती गुळमुळीत. छान आहे, पण. बरं आहे, पण. एकीने लिहिलं, हॉटेलची ग्रेव्ही वाटते. सटाण्याच्या एका मावशींनी आडपडदा ठेवला नाही: "भाजी भलती गोड शे, बाई." मी चिडले. मसाला सासूबाईंच्या हातचा, खोबरं तेच, कांदा तर चाळीतला सगळ्यात भारी. मसाला वाढवला, तर नुसता जाळ झाला. कांदा करपवला, तर कडू झाला. नवरात्र तोंडावर आलं, वणीच्या गडावर जाणाऱ्यांची रीघ लागली, आणि जुन्या साहेबांचा निरोप आला की जागा अजून रिकामी आहे. खरं सांगते, मी घाबरले. हरण्याची भीती नव्हती, सगळ्या गावाला सांगून हरण्याची होती.

त्याच तिरीमिरीत मी लिहिलं: तुमच्या आईने काळ्या रश्शासाठी घेतलेल्या कांद्याचा फोटो टाका. आत्ताचा, टोपलीतला, न आवरता.

आणि फोटो यायला लागले. देवळ्याचे, वणीचे, सटाण्याचे, नाशकातल्या फ्लॅटमधले, गावाहून आलेल्या पिशवीचे. सगळ्यांत लिंबाएवढा बारका कांदा. आमच्याकडे त्याला गोल्टी म्हणतात. कुठे जोडकांदा, कुठे कोंब फुटलेला, पण मोठा कांदा एकाही टोपलीत नाही. वर प्रत्येकीची माफी: "सॉरी हं, चांगला कांदा मार्केटला गेला."

मी एकटीच हसत सुटले. शेतकऱ्याच्या घरात चांगलं ते मार्केटला जातं आणि उरलेलं आपण खातो. आमच्या सगळ्यांच्या जिभेवरची चव त्या उरलेल्याचीच होती. गोल्टी सालीसकट चुलीच्या निखाऱ्यात टाकली की आतपर्यंत भाजते आणि तिला धुराचा वास लागतो. मोठा कांदा निखाऱ्यात बाहेरून कोळसा होतो, आत कच्चा राहतो, म्हणून तर मी तो चिरून तळत होते. चांगल्या मालाच्या हौसेने आम्ही चव घालवली होती.

दुसऱ्या दिवशी देवळ्याला गेले. सासूबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. "गोल्टी आपण पाव्हण्यापुढं ठेवत नाय, अन् तू जगाला दाखवणार? लोक म्हणतील, यांच्या घरात दाणा नाय."

मी वाद घातला नाही, हे माझ्या बाबतीत नवलच. फोन त्यांच्या हातात दिला. त्या एकेक फोटो सरकवत गेल्या. "ही तर बंगल्यातली दिसती. हिच्याकडंबी गोल्टीच?"

"सगळ्यांकडे, आई."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग उठल्या, टोपली भरून आणली आणि चुलीपाशी बसल्या. "व्हिडिओत तोंड नको घेऊ माझं. हात घे."

मी हातच घेतले. राख झटकणारे, काळी साल एका झटक्यात सोलणारे. तो व्हिडिओ इतका फिरला की फोन तापला. नव्या बाटल्या त्याच बायकांना गेल्या. सटाण्याच्या मावशींनी या वेळी भाजीचा फोटो नाही, पुसलेल्या ताटाचा फोटो पाठवला. एकीने लिहिलं, पहिला घास खाल्ला आणि आईला फोन लावला. ते वाचून मला रडू आलं, आणि मी ते स्टेटसलाही टाकलं.

दिवाळीच्या आधीच विकायला काढलेल्या सगळ्या बाटल्या संपल्या. साहेबांना मी उत्तर म्हणून एक बाटली पाठवली. जिंकले, आणि जिंकले असं म्हणायला मी लाजत नाही.

आता कांदा निवडताना सासूबाई चाळीच्या दारात उभ्या असतात. "मोठा जाऊ द्या मार्केटला. गोल्टीला हात लावू नका, ती कंपनीची हाय." गोल्टी सगळी बाटलीत जाते, म्हणून घरात पहिल्यांदाच मोठा कांदा शिजायला लागला. परवा जेवताना सासऱ्यांनी रस्सा भुरकला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, चार गोल्ट्या घरच्यांनाबी ठेवत जा."