खिडकीतला ग्लास

आधी रसूलचाचांचं नाव घेतो. परभणीत रिक्षा चालवतात. त्यांनी मला त्या खोलीच्या दारात नेऊन सोडलं नसतं, तर हे सांगायला मी उरलो नसतो.

आता झालं ते.

रविवारची संध्याकाळ. दारू सोडलेल्यांची बैठक संपली होती, चहा झाला होता. त्या दिवशी एक नवा माणूस आला होता, कुठल्याशा कचेरीतला कारकून. तोंडाला अजून वास. पद्धतीप्रमाणं मी उष्ट्या कपांचा ट्रे त्याच्यापुढं ठेवला आणि नळ मागं आहे म्हणून सांगितलं. अण्णा हसले. अण्णा म्हणजे बैठकीतले सगळ्यात जुने. झरीकडचे बागायतदार. ते आले की सगळे उभे राहतात.

"अरे, त्यांना काय सांगतोस? धुवायला तू हायेस की. आन् तुझा ग्लास खिडकीत ठेव, कपात मिसळू नको."

मग त्यांनी माझ्या वतीनं कारकुनाची माफी मागितली.

मी चंद्रपूरकडचा. सहावीत शाळा सुटली. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायला इकडं आलो. पाळी संपली की सगळेच प्यायचे, मी सगळ्यांपेक्षा जास्त. एकदा चाचांच्या रिक्षातच ओकलो. सीटवर, स्वतःच्या अंगावर. चाचांनी ढकलून दिलं नाही. हापशावर नेऊन माझ्यावर पाणी ओतलं आणि विचारलं, असं किती दिवस करायलायस. मला रडू आलं.

शहरात अशी बैठक भरते एवढं त्यांनी ऐकलं होतं. कुठं, ते माहीत नव्हतं. पाटी नाही, काही नाही. दवाखान्यात विचारलं, तर सोमवारी या म्हणाले. औषधाच्या दुकानात माणूस हसला, तिथं चखना मिळतो का तेवढं बघून या म्हणाला. मी शरमेनं रिक्षातच बसलो, चाचा उतरून विचारत राहिले. शेवटी एका नर्सबाईंनी सांगितलं. बंद पडलेल्या शाळेमागची खोली, रविवारी चार वाजता.

तिथला नियम होता, फक्त नाव सांगायचं. आडनाव नाही, गाव नाही. जन्मात पहिल्यांदा माझं नाव सांगून झालं आणि पुढं कुणी काही विचारलं नाही. छाती हलकी झाली. बाहेर पडून चपला घालत होतो, तर अण्णा जवळ आले.

"आडनाव काय तुझं?"

शाळेत गुरुजींना सांगायचो तसं सांगून टाकलं. अण्णा नुसते "हां" म्हणाले.

पुढच्या रविवारी सगळ्यांना कप, मला स्टीलचा ग्लास. धुऊन खिडकीत ठेवायचा. आणि कप नव्या माणसानं धुवायचे, पद्धत हाय आपली, असं अण्णा म्हणाले. मी मान डोलावली. दारू सुटायलीय, मग कप धुणं काय मोठं? ग्लास तर कपापेक्षा मोठा. मला वाटलं हमाल माणूस, चार घोट जास्त पिऊ दे म्हणून दिला असेल. आईला फोनवर सांगितलं, इथले लोक फार चांगले आहेत, मला मोठ्या ग्लासात चहा देतात. आईनं विचारलं, बाकीच्यांना कशात देतात? तिला कळलं होतं. मला तीन महिने कळलं नाही.

कारकून आला त्या रविवारी कळलं; ट्रे घेऊन नळावर गेलो. एका कपात बिस्किटाचा लगदा. एकात कुणीतरी तंबाखू थुंकलेली. हे मी दर आठवड्याला बोटांनी काढत होतो. आभार मानत.  त्यांची किळस आली, त्याहून जास्त माझी.

कप तसेच टाकून बाहेर थांबलेल्या चाचांच्या रिक्षात येऊन बसलो. म्हणालो, देशीच्या दुकानापाशी सोडा. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. रिक्षा सुरू केली नाही.

"तू पिलास तर त्याचं काय जानार हाय? आत जा. बैठक त्याच्या बापाची हाय का?"

 नळावरून ट्रे उचलला, आत नेऊन मधल्या टेबलावर ठेवला. माश्या बसल्या होत्या.

"आपापला कप आपण धुवायचा," मी म्हणालो. "आणि मीपण कपातच पिणार."

 तासाभरापूर्वीच डोळ्यांत पाणी आणून बोलणारी माणसं फरशीकडं बघत होती.

"असं असंल तर येऊ नको," अण्णा म्हणाले.

"येणार. दर रविवारी येणार."

तसा जातो. कपात पितो. बैठकीतले दोघं आता घरून स्वतःचे ग्लास आणतात. ते बघितलं की अजून किळस येते. येऊ दे. मी त्यांच्यासाठी जात नाही. नाही गेलो तर पिईन, आणि प्यालो तर मरेन, एवढं मला ठाऊक आहे. त्या खोलीतनं मला कुणी काढू शकत नाही.

कपांवरून झालं त्या दिवशी परतताना चाचांनी पहिल्यांदाच सांगितलं. चारठाण्याला त्यांचा धाकटा भाऊ आहे. पितो. चाचा न्यायला गेले की शिव्या देऊन दार लावून घेतो.

चाचा, आधी माझं एक वर्ष कोरडं जाऊ द्या. मग रविवारी सकाळच्या गाडीनं मी चारठाण्याला जाईन. तो मलाही शिव्या देईल. मी बैठकीला निघायची वेळ होईपर्यंत दारातच बसून राहीन. पुढच्या रविवारी परत जाईन. तो चपला घालून बाहेर येईपर्यंत जाईन.